काचेवरची हळद

किस्से कोणी मुद्दाम साठवीत नाही. आमच्या प्रयोगशाळेतील कागदाच्या गुंडाळ्यांसारखे ते आपोआप साठतात. आलेख काढणाऱ्या यंत्राची एक गुंडाळी संपली की देशकर सर ती फेकू देत नसत. "मागची बाजू अजून कोरी आहे," एवढेच म्हणत. त्यामुळे वीस वर्षांत दोन कपाटे भरली. निवृत्तीच्या आधी मी ती आवरायला घेतली आणि एकही गुंडाळी आवरली गेली नाही. प्रत्येक गुंडाळीतून कोणी ना कोणी बोलतच होते!

मी वर्ध्याच्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान विभागाचा प्रयोगशाळा सहायक होतो. शिक्षण मॅट्रिक. विभागाच्या मागच्या खोलीत आम्ही तिघे असायचो. देशकर सर सिंदी मेघेहून सायकलने येत. सुनंदाबाई पुलगावच्या शाळेत शिकवीत आणि सुटीच्या दिवशी पॅसेंजरने येऊन सरांच्या हाताखाली पीएच.डी.चे काम करीत. तिसरा मी.

सुनंदाबाईंचा सगळा प्रबंध एका उंचवट्यावर उभा होता. आलेखात एक मोठे शिखर यायचे आणि त्याच्या कुशीत एक लहानसा उंचवटा. तो उंचवटा खरा की नमुन्यातील अशुद्धीचा, एवढाच प्रश्न होता. खरा ठरला तर त्या डॉक्टर होणार. अशुद्धीचा ठरला तर सहा वर्षांच्या सुट्या वाया. नमुना नखाएवढा होता. दूरच्या एका मोठ्या संस्थेने तो मुदतीने दिला होता, आणि मुदत संपली की परत करायचा होता.

* * *

हा उंचवटा म्हणजे काय, हे मला समजले ते डोमाजीमुळे.

डोमाजी जनावरांच्या दवाखान्यात कामाला होता. गावोगाव मोटारसायकलने जाऊन गाईंना कृत्रिम रेतन करणे हे त्याचे काम. एकदा आमच्या खोलीत येऊन त्याने सरांना सरळ विचारले, "सर, तुमी या डबड्यात काय पाहून राह्यले जी?"

सरांनी खडू घेतला. "डोमाजी, हा पदार्थ थरांचा आहे. मधला थर इतका पातळ, की त्यात पडलेला इलेक्ट्रॉन बाहेर निघत नाही. म्हणून त्याला विहीर म्हणतात."

"पानी लागलं का मंग?"

"पाणी नाही, उजेड लागतो. लेझर टाकला की एक इलेक्ट्रॉन वर उडतो आणि त्याची जागा रिकामी होते. ती रिकामी जागा आणि तो इलेक्ट्रॉन एकमेकांना ओढतात, जोडीने हिंडतात. पुन्हा एक झाले की जोडी संपते आणि उजेड बाहेर पडतो. ते मोठे शिखर. पण कधी कधी त्या जोडीला एक जादा इलेक्ट्रॉन येऊन चिकटतो. मग उजेडाचा रंग किंचित तांबड्याकडे सरकतो. तो लहान उंचवटा."

डोमाजीने मान हलवली. "समजलं जी. बैलबंडीले जोडी जुतली हाय, अन मागं तिसरा बैल बांधला हाय."

"बरोबर."

"मंग थंडी काहाले पाह्यजे?"

"दोर फार बारीक आहे. जरा उष्णता मिळाली की तिसरा सुटतो."

डोमाजी दारापर्यंत गेला आणि परत फिरला. "सर, जोडीचा तर उजेड झाला. तिसऱ्याचं काय होते?"

सरांनी खडू खाली ठेवला. "तो राहतो," ते म्हणाले.

शास्त्रीय भाषेत याला भारित एक्सायटॉन म्हणतात. आमच्या खोलीत मात्र त्या दिवसापासून त्याचे नाव तिसरा बैल पडले. सुनंदाबाईंच्या वहीच्या समासातही 'ति. बै.' असे लिहिलेले आहे!

* * *

डोमाजीची ओळख थंडीमुळे झाली. तिसरा बैल बांधून ठेवायला द्रव नायट्रोजन लागतो, उणे एकशे शहाण्णव अंशांचा. तो वर्ध्यात एकाच ठिकाणी असे: जनावरांच्या दवाखान्यात. वळूंच्या रेताच्या कांड्या त्यात बुडवून ठेवतात.

सरांनी अधिकाऱ्यांची लेखी परवानगी घेतली. परवानगीत एक अट होती: जनावरांचे काम झाल्यावर उरेल तेवढाच नायट्रोजन मिळेल. पहिल्या दिवशी सर रिकामी कॅन घेऊन दवाखान्यात गेले आणि गाईंच्या रांगेत उभे राहिले. मी सोबत होतो.

डोमाजी रांग पाहत पाहत आला. "तुमची गाय कुठं हाय जी?"

"गाय नाही. मला थोडा नायट्रोजन हवा आहे."

"मंग तो तर गाईचाच हाय!"

"म्हणूनच रांगेत उभा आहे. आधी गाय."

सर तीन तास उभे होते. परवानगीचा कागद त्यांच्या खिशात होता. तो त्यांनी शेवटची गाय गेल्यावर काढला. डोमाजीने तो वाचला आणि म्हणाला, "हे आधीच दाखवलं असतं तर बसाले खुर्ची देल्ली असती न!"

सर म्हणाले, "खुर्ची मिळाली असती. रांग मोडली असती."

परतताना डोमाजी स्वतः कॅन धरून फाटकापर्यंत आला.

* * *

एकदा दवाखान्यात काही उरले नाही. डोमाजीच्या गाडीवरच्या कॅनमध्ये होते, पण त्याला हिंगणीकडे तीन गाई करायच्या होत्या. "गाई झाल्या की जे उरन ते तुमचं," तो म्हणाला. सर त्याच्या मोटारसायकलवर मागे बसले, कॅन दोन्ही हातांनी धरली आणि गेले.

गावात लोकांना वाटले, नवीन डॉक्टर आले. एका म्हाताऱ्याने आपली गवळाऊ गाय सरांपुढेच आणून उभी केली.

"बाबा, मी जनावरांचा डॉक्टर नाही."

"मंग काहाचे डॉक्टर हा तुमी?"

खोटे बोलणे सरांना जमत नसे, आणि लांब बोलणेही. ते म्हणाले, "उजेडाचा."

म्हातारा खूश झाला. "मंग आमच्या डीपीकडं पाहा जी! आठ दिवसापासून बंद हाय!"

डोमाजी हसत हसत खाली बसला. सर हसले नाहीत. त्यांनी त्याच झाडाखाली बसून वीज कार्यालयाला गावाचा अर्ज लिहून दिला, चार सह्या घेतल्या आणि परत येताना तो स्वतः नेऊन दिला. त्या दिवशी नायट्रोजन फार थोडा उरला होता. सुनंदाबाईंचा आलेख अर्धाच झाला. त्यावर सरांच्या अक्षरात शेरा आहे: 'अपूर्ण. कारण योग्य.'

* * *

आमच्या इमारतीमागून रेल्वेमार्ग जातो. मालगाडी आली की टेबल थरथरते आणि आलेखाची लेखणी उडते. लहान उंचवटे शोधणाऱ्याला हे संकटच. दुसरा कोणी असता तर त्याने ते उडालेले भाग पांढऱ्या रंगाने झाकले असते. ते सोपे होते, आणि तसे करणारे मी पाहिले आहेत.

सुनंदाबाईंनी तसे केले नाही. प्रत्येक उडीवर त्या बारीक अक्षरात लिहीत: 'मालगाडी, पुलगावकडे.' 'मालगाडी, नागपूरकडे.' पुढे पुढे त्यांना उडीच्या आकारावरून दिशा ओळखू येई!

एकदा मी म्हणालो, "बाई, या रेल्वेच्या नोंदी कोण वाचणार?"

"काका, मी नाही लिहिलं तर कोणीतरी या उडीला बैल समजेल न!"

सर पलीकडून म्हणाले, "निसर्गाचे निसर्गाला, रेल्वेचे रेल्वेला."

* * *

नमुन्यावर लेझर पडला की काचेच्या आत निळा ठिपका दिसे. मोहरीएवढा. मी देवापुढे नंदादीप लावणारा माणूस आहे. सुरुवातीला त्या ठिपक्यापुढे माझे हात आपोआप जोडले जात, आणि सर तेवढा वेळ थांबत. त्यांची पूजा वेगळी होती. पण माझी त्यांनी कधी अडवली नाही.

एकदा एक पुढारी पाहायला आले. सोबत सात-आठ माणसे होती. खोली अंधारी केली. पुढारी वाकले आणि बराच वेळ पाहत राहिले.

"एवढासाच?"

"एवढाच," सर म्हणाले.

"यानं लोडशेडिंग जाईल काय?"

"नाही."

"मंग याचा उपयोग काय सर?"

सोबतची माणसे हसली. सर शांतपणे म्हणाले, "यात खोटे चालत नाही. एवढा उपयोग आज सांगता येतो."

 तेवढ्यात लोडशेडिंग सुरू झाले आणि ठिपकाही गेला. नायट्रोजन घेऊन आलेल्या डोमाजीचा अंधारात आवाज आला, "गेला जी तिसरा! पाहुण्यायच्या पायगुणानं!"

* * *

आता माझी गोष्ट सांगतो. ती गाळली असती तर वरच्या सगळ्या गोष्टी सांगण्याचा अधिकार मला उरला नसता.

खंडेनवमीला आमच्या खोलीत यंत्रांची पूजा होत असे. सरांनीच परवानगी दिली होती आणि एक नियम घातला होता: "फूल वाहा, उदबत्ती दाराबाहेर लावा, कुंकू टेबलाला लावा. काचेला हात नको." मी तो नियम अनेक वर्षे पाळला.

त्या वर्षी सुनंदाबाईंचे शेवटचे मोजमाप उरले होते. नमुन्याची मुदत महिन्यावर आली होती. माझ्या मनात आले, आज मुख्य यंत्राला कोरडे कसे ठेवावे? ज्या काचेतून उजेड येतो तो यंत्राचा डोळा. त्याच्या कडेला हळदीचे एक बोट लावावे. खोलीत कोणी नव्हते. मी बोट लावले. ते जरा घसरून काचेवर गेले. मी घाबरून रुमालाने पुसले. काच स्वच्छ दिसली. मी नमस्कार केला आणि घरी गेलो.

दसऱ्यानंतर सुनंदाबाईंनी शाळेतून रजा घेतली आणि मोजमाप सुरू झाले. निळ्या भागात शिखर होते, उंचवटा होता. पण पलीकडे, पिवळ्या-हिरव्या भागात, एक रुंद टेकाड उभे राहिले होते. पूर्वी ते कधीच नव्हते.

सुनंदाबाईंचा चेहरा उतरला. "सर, हे काऊन आलं?"

सरांनी कागद हातात घेतला. "नमुन्यात अशुद्धी असली की अशी टेकाडे या भागात येतात."

"म्हणजे माझा बैलही अशुद्धीचाच असेल?"

"तसे कोणी म्हणाले तर आपल्याजवळ उत्तर नाही."

आठ दिवस त्यांनी सगळे तपासले. नमुना काढून पुन्हा बसवला, गाळण्या बदलल्या, लेझर तपासला. काच डोळ्यांना स्वच्छ दिसत होती, म्हणून तिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. माझे गेले होते. पहिल्याच दिवशी 'पिवळे-हिरवे' हा शब्द ऐकला आणि माझ्या बोटाला आठवण झाली. पण मी बोललो नाही. हळदीचा उजेडाशी काय संबंध, असे मी स्वतःला समजावले. त्या आठ दिवसांत मी रोज पहाटे पूजा केली आणि रोज खोलीत येऊन गप्प राहिलो.

नवव्या दिवशी सरांनी मला टंकयंत्रापुढे बसवले. नमुना परत पाठवण्याचे पत्र होते. सर सांगत होते, मी टंकत होतो. सुनंदाबाई खिडकीशी उभ्या होत्या.

"...नमुन्यात अशुद्धी आढळल्यामुळे सदर दावा आम्ही मागे..."

'अशुद्धी' या शब्दाच्या 'अ'वर माझे बोट थांबले.

"काका?" सर म्हणाले.

"सर, नमुना शुद्ध आहे. काचेला हळद आहे. ती मी लावली."

 मागून एक मालगाडी गेली. ती जाईपर्यंत सर थांबले. मग त्यांनी कपाटातून स्पिरिटची बाटली आणि कापूस काढून माझ्या हातात दिला.

"पुसा," ते म्हणाले. "लावली त्याच हाताने."

मी पुसली. कापूस किंचित पिवळा झाला. सुनंदाबाईंनी तो कापूस लेझरपुढे धरला, आणि तो हिरवट पिवळा उजळला! त्यांनी यंत्र सुरू केले. लेखणी निळ्या शिखरावर चढली, उतरताना लहान उंचवट्यावर थांबली आणि मग पिवळ्या भागातून सरळ रेषेत निघून गेली. टेकाड नव्हते. पुढे नमुना हळूहळू तापू दिला, तसा उंचवटा बसत गेला आणि शिखर वाढले. तिसरा बैल सुटला होता. तो खराच होता.

सुनंदाबाई माझ्याकडे वळल्या. रागावल्या असत्या तर सोपे गेले असते. त्यांनी फक्त विचारले, "काका, आठ दिवस तुमाले जेवण गेलं कसं?"



* * *

प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला बाहेरगावचे एक वृद्ध परीक्षक आले. त्यांच्या कठोरपणाची कीर्ती आधीच पोचली होती. डोमाजी स्वच्छ टोपी घालून मागच्या बाकावर बसला होता. मी पाण्याचे पेले घेऊन त्याच्या शेजारी.

परीक्षकांनी दोन तास प्रश्न विचारले. मग शेवटचे पान उघडले.

"हे परिशिष्ट कसले? 'हळदीचा वर्णपट'?"

"हो सर. आमच्या मोजमापात काचेवर हळद आली होती. ते आलेखही दिले आहेत."

"ते गाळता आले असते. कोणाला कळले नसते."

"पुढे कोणाच्या काचेवर आली, तर त्याला ओळखू यावी म्हणून ठेवले, सर."

परीक्षकांनी चष्मा काढला. "कोणी लावली होती?"

 डोमाजीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

सुनंदाबाई म्हणाल्या, "आमच्या प्रयोगशाळेची प्रथा आहे सर. प्रथा लिहिली आहे. नावाने वर्णपट बदलत नाही."

परीक्षकांनी ते पान पुन्हा वाचले. मग प्रबंध मिटून म्हणाले, "तुमच्या भारित एक्सायटॉनवर माझा विश्वास बसला, तो या हळदीमुळे."

डोमाजीने टाळी वाजवली. तोंडी परीक्षेत टाळी वाजवायची नसते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

* * *

पुढच्या वर्षीची खंडेनवमी.

मी पूजेचे काही आणले नव्हते. टेबल पुसले, फुले ठेवली आणि बाजूला उभा राहिलो. सर आले. डोमाजी उरलेला नायट्रोजन घेऊन आला. पुलगावच्या गाडीने सुनंदाबाई आल्या. आता त्या डॉक्टर सुनंदाबाई होत्या. त्यांच्या हातात हळदीकुंकवाचा करंडा होता.

मी चमकून सरांकडे पाहिले. सर भिंतीकडे पाहत होते.

बाईंनी करंडा उघडला. यंत्राला एक फूल वाहिले. टेबलाला कुंकू लावले. मग हळदीत बोट बुडवले आणि काचेच्या दिशेने वळल्या.

"बाई!" माझ्या तोंडून निघाले.

"काका, पुढे या," त्या म्हणाल्या.

मी पुढे गेलो. त्यांनी हळदीचे ते बोट माझ्या कपाळाला टेकवले, वर कुंकू लावले, अक्षता टाकल्या आणि यंत्राला करतात तसा वाकून नमस्कार केला.

डोमाजी म्हणाला, "पुसू नका जी."